देव समोर, पेट्रोल गादीखाली

आधी बूट काढा. तुम्ही १९२५ सालच्या माघात, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका वकिलांच्या ओसरीवर उभे आहात आणि बुटासकट ओसरी चढणाऱ्याला या घरात आजी चहा देत नाहीत. फटफटायला अजून अवकाश आहे. गोवऱ्यांचा धूर गल्लीभर जमिनीलगत पसरलाय, डोळे चुरचुरतात. शेणसड्याचा ओला वास येतो. कुठंतरी ढेंकीवर धान कांडलं जातंय, धप्, धप्, आणि त्या ठेक्यावर शेजारच्या माजघरात कुणीतरी मराठीत भूपाळी म्हणतंय. त्यापलीकडच्या घरातून हिंदीत चौपाई ऐकू येते आणि विहिरीवर छत्तीसगढीत भांडण चाललंय. घाबरू नका, तिन्ही कळतील. तुम्ही ‘नागपूरचे पाहुणे’ आहात, एवढंच ध्यानात ठेवा. भोसल्यांच्या काळापासून इथं नागपूरहून पाहुणे येतच आलेत. जास्त चौकशी कुणी करणार नाही.

आज माघी पुन्नी. राजिमच्या जत्रेचा पहिला दिवस. दरवर्षी हे घर छोट्या रेल्वेनं जातं. यंदा वकीलसाहेबांनी जाहीर केलंय की मोटारीनं जायचं. आजींनी त्यावर काही न बोलता देवाजवळ एक जास्तीची उदबत्ती लावली.

मोटार अंगणात आहे. जा, बघून घ्या.

काळी आहे. फोर्ड कंपनीची मॉडेल टी. १९१४ पासून ही गाडी कारखान्यातून दुसऱ्या रंगात बाहेरच पडत नाही. काळा रंग स्वस्त पडतो, भट्टीत भाजला की टिकतो, आणि हेन्री फोर्ड यांना या दोन गुणांपुढं तिसरा गुण सुचत नाही. पत्र्यावर दव आहे, हात लावला की बोटं गार पडतात. नाक जवळ न्या. रबर, तेलकट लाकूड, कापडी हूडचा कुबट वास आणि वर रॉकेल. मोटारीत रॉकेल कशाला, असं वाटलं ना? समोरच्या काचेच्या दोन बाजूंना जे छोटे दिवे आहेत ते वातीचे आहेत. संध्याकाळी काडी ओढून लावायचे.

उंची लक्षात आली का? आत्ताच एक कोंबडी आपली सगळी पिलं घेऊन मोटारीच्या पोटाखालून गेली आणि कुणाची मानसुद्धा वाकली नाही. हे उगाच झालेलं नाही. फोर्ड मिशिगनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. बर्फ वितळलं की तिकडच्या गावरस्त्यांचा चिखल होतो आणि त्यात गाड्या आसापर्यंत रुततात, हे त्यानं लहानपणी पाहिलेलं. म्हणून त्यानं मोटार उंच ठेवली, पुढं एक आणि मागं एक अशा आडव्या कमानी घातल्या, व्हॅनेडियम घातलेलं चिवट पोलाद वापरलं, आणि सगळा सांगाडा असा सैल ठेवला की एक चाक खड्ड्यात आणि दुसरं बांधावर असलं तरी गाडी अंग पिळून पुढं जाते. त्या माणसानं रायपूर कधी पाहिलं नाही. पण पावसाळ्यातली आमची कन्हार माती त्याला अमेरिकेत बसून कळली होती. साहेबाच्या राज्यात लागणारी उजव्या हाताच्या चाकाची गाडी मात्र तिथून येत नाही. ती कॅनडातल्या त्याच्या कारखान्यात बनते, पेटीत बसून समुद्रानं येते.

“पाहुणे, पेट्रोल बघून घेता का जरा?” वकीलसाहेब धोतराचा काचा मारत बाहेर आलेत. वर कोट, डोक्यावर काळी टोपी, गळ्यात मफलर.

तुम्ही काटा शोधताय. शोधू नका, काटा नाहीच. पुढची गादी उचला. हो, जिच्यावर आता तुम्ही बसणार आहात तीच. तिच्याखाली पत्र्याची टाकी आहे, झाकण फिरवा आणि ही लाकडी पट्टी आत सोडा. जिथवर पट्टी ओली, तिथवर पेट्रोल. भरायचं असेल तेव्हा पुढच्यांनी खाली उतरायचं, गादी काढायची, डब्यातलं पेट्रोल मलमलीच्या फडक्यातून गाळत ओतायचं. वास डोक्यात जातो, डोळ्यांत पाणी येतं. ओसरीवर वकीलसाहेबांचे शेजारी तोंडात विडी धरून हे सगळं कौतुकानं बघत उभे आहेत. त्यांना लांब उभं करा.

आता तेल. त्यासाठी आडवं व्हावं लागेल. इंजिनाच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, दोन छोट्या तोट्या आहेत, एक वर, एक खाली. वरची उघडायची. तेल आलं तर भरपूर आहे. नाही आलं तर खालची उघडायची. तिच्यातूनही नाही आलं तर आज राजिम नाही. तुम्ही पाठीवर, शेणानं सारवलेल्या अंगणात, वर काळंकुट्ट लोखंड, आणि तोटीतून पहिला थेंब नेमका कपाळावर. आहे, तेल आहे. उठा.

आणि आता हँडल मारायचं. ही गाडी बटणानं सुरू होणारीही मिळते. अमेरिकेत साध्या टूरिंगची किंमत २९० डॉलर आणि विजेचा स्टार्टर व सुटी होणारी रिमं हवी असतील तर वर ८५ डॉलर. वकीलसाहेबांनी हिशेब केला आणि साधी घेतली. त्या ८५ डॉलरांचं काम आज तुमच्या उजव्या खांद्याकडं आलंय.

नीट ऐका, कारण इथं माणसं मनगट मोडून घेतात. स्टिअरिंगखाली दोन दांड्या आहेत, एक पेट्रोलची, एक ठिणगीची. ठिणगीची दांडी पार मागं गेली आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वकीलसाहेबांच्या शब्दावर जाऊ नका. ती पुढं राहिली तर स्फोट वेळेआधी होतो आणि हँडल उलटं फिरून हातावर येतं. अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा गुंडाळू नका. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. रेडिएटरच्या खाली तारेची एक कडी लोंबतेय, ती डाव्या हातानं ओढून धरा म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त जाईल. एकदा ओढा. पुन्हा. आता कडी सोडा.

“चावी!” वकीलसाहेब आत चावी फिरवतात आणि समोरच्या फळीतल्या लाकडी पेट्यांमधून झीं असा आवाज सुरू होतो. चार सिलिंडरांना चार पेट्या, प्रत्येकीत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक थरथरणारी पट्टी. सुरू करण्यापुरती एक कोरडी बॅटरी बसवली आहे. इंजिन लागलं की चावी दुसरीकडं फिरवायची, मग गाडी आपली वीज आपणच बनवते, फिरत्या चाकावरच्या चुंबकांतून.

ओढा! फुस्स. पुन्हा. फुस्स. तिसऱ्यांदा असा फाड्कन आवाज होतो की कावळे उडतात, गल्लीतली सगळी कुत्री एका सुरात भुंकू लागतात, आणि निळा धूर ओसरीवर चढतो. सुरू झाली! तुम्ही हसत उभे आहात, हँडल हातात, आणि मोटार तुमच्याकडे चालत येतेय.

बाजूला व्हा. हेही तिच्या घडणीतच आहे. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलात बुडालेला, आणि माघातल्या गारठ्यात ते तेल इतकं घट्ट होतं की क्लचच्या चकत्या सुटल्या तरी एकमेकींना चिकटूनच फिरतात. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो थकलेला असेल तर गाडी हँडल मारणाऱ्याला ढुशी देते, खुंट्याला बांधलेला बैल ओळखीच्या माणसाला देतो तशी. चाकांखाली दगड लावला होता म्हणून तुम्ही भिंतीत गेला नाहीत. दगड लावणारा क्लीनर पोरगा खो खो हसतोय. “पहुना ल पहिचान गे!” पाहुण्याला ओळखलं म्हणे.

बसा पुढं. आजी, काकू, तीन पोरं, दशम्यांचा डबा, लसणीची चटणी, पाण्याचा घडा, पंपाची पिशवी आणि देवाला वाहायचे नारळ मागं. तुमच्या खाली गादी, गादीखाली पेट्रोल. या गोष्टीचा विचार न करणं हीच इथली रीत आहे.

वकीलसाहेबांच्या पायांकडे बघा. तीन पेडल. तुम्हाला आपली मोटार येते म्हणून तुम्हाला वाटत असेल की क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. विसरा. त्या पेडलांवर इंग्रजी अक्षरं आहेत, सी, आर, बी. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडून दिलं की दुसरा, वरचा गिअर. गिअर दोनच. मधलं दाबलं की गाडी मागं जाते. उजवं म्हणजे ब्रेक, आणि तोही चाकांना नाही, गिअरबॉक्सच्या आतल्या ढोलाला आवळणारा. पेट्रोल हातानं, ठिणगी हातानं, स्टिअरिंग उरलेल्या हातानं. आजच्या तरबेज ड्रायव्हरला या गाडीवर बसवलं तर त्याचा पाय नको तिथं जाईल, तो थांबायला म्हणून दाबेल आणि भरबाजारात मागं जाईल. म्हणूनच मी तुम्हाला चालवायला बसवलेलं नाही.

निघालो. तात्यापाऱ्यातून सदर बाजारात शिरताना दोन्ही बाजूंची घरं इतकी जवळ येतात की इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. सराफांच्या पेढ्या अजून बंद आहेत, फळ्यांवर माणसं घोंगडी पांघरून झोपलीत, होती म्हणा. आता उठून बसलीत. एका दारातून उकळत्या दुधाचा वास, दुसऱ्यातून जिलबीच्या पाकाचा. एक गाय रस्त्याच्या मधोमध. वकीलसाहेब भोंगा वाजवतात, गाय बघते, वकीलसाहेब ब्रेक दाबतात, गाडी थांबायचा विचार करत करत थांबते. जळक्या सुताचा वास आला ना? आतले पट्टे सुती विणीचे आहेत, तेलात भिजलेले. दर ब्रेकला थोडे भाजतात. ब्रेकचा पट्टा फार झिजू नये म्हणून मुरलेले चालक मधूनमधून रिव्हर्सचं पेडल दाबूनही गाडी थांबवतात, कधी पहिल्या गिअरचं. झीज तिघांत वाटून घ्यायची. एकत्र कुटुंबाची पद्धत म्हणा हवं तर.

बुढातलावाजवळ थांबून रेडिएटर काठोकाठ भरून घ्यायचा. तलावावर धुकं आहे, बायका पायऱ्यांवर लुगडी आपटताहेत. इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं, पण ते फिरवायला पंप नाही. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, गार झालेलं खाली उतरतं, एवढ्या निसर्गनियमावर फोर्डनं पंपाचा खर्च वाचवलाय. पाण्याची पातळी उतरली की फिरणं थांबतं आणि गाडी उकळते. पण तळ्यांना या शहरात तोटा नाही, आणि वकीलसाहेबांच्या मते फोर्डनं ही गाडी रायपूरसाठीच काढली याचा तो दुसरा पुरावा.

टिकरापारा मागं पडला, सूर्य वर आला आणि रस्ता उघडा झाला. आता धूळ. मुरमाची तांबडी धूळ, पिठासारखी नव्हे, खरखरीत; दातांखाली येते, पापण्यांवर बसते, आजींच्या पांढऱ्या लुगड्याचा रंग अर्ध्या तासात बदलून टाकते. दोन्ही बाजूंना धानाचे रिकामे बांध, त्यांत लाखोळीचा हिरवा थर, मधेच पळसाला फुटलेली पहिली केशरी चोच. बैलगाड्यांची रांगच रांग राजिमकडे चाललीय. आवाज ऐकून बैल बुजतात, गाडीवान उडी मारून कासरे धरतात, बाया पदर तोंडात घेऊन हसतात, आणि पोरं, कुठून उगवतात देव जाणे, मोटारीमागं धावत सुटतात. “देख, देख, मोटर आवत हे!” एक म्हातारा हातातली काठी टेकून नुसता उभा राहतो आणि शेजाऱ्याला सांगतो, “बइला नइ ए, तभो रेंगत हे.” बैल नाही, तरी चालतेय. इतकं नेमकं वर्णन फोर्डच्या जाहिरातवाल्यांनाही जमलं नसतं.

माना गावाच्या अलीकडे मोकळं भाटा रान लागतं. खडकाळ, उजाड, वारा मोकाट. तुम्ही कालच बहुधा इथंच विमानातून उतरलात. ते वकीलसाहेबांना सांगू नका.

शिटी ऐकू आली? डावीउजवीकडे बघत राहा. ती आली, छोटी रेल्वे. रायपूर-धमतरीची अरुंद रुळांची गाडी, १९०० सालापासून धावतेय, डब्यांत माणसं, डब्यांवर माणसं, दारांत लोंबणारी माणसं, सगळी जत्रेची. तिचा धूर वाऱ्यानं तुमच्याकडे येतो, कोळशाचा एक कण डोळ्यात जातो. रूळ रस्त्याजवळ आले की वकीलसाहेबांच्या अंगात येतं. डावा पाय उचलला, गाडी वरच्या गिअरात, पेट्रोलची दांडी खाली, ठिणगीची दांडी पुढं. इंजिन वीस घोड्यांचं, पण ते वीसही जागे होतात. हूडच्या काड्या खडखडतात, काच थरथरते, लाकडी आरे करकरतात, नारळ एकमेकांवर आपटतात, आणि तुम्हाला पायांत, पाठीत, दाढांत इंजिनाचा एकेक ठोका मोजता येतो. आगगाडीतली माणसं ओरडताहेत. मोटारीतली पोरं ओरडताहेत. तुम्हीही ओरडताय, लाजू नका. इंजिनाच्या बरोबरीनं आलो, पुढं गेलो, गेलो!

आणि मग फटाक.

टायर. अरुंद टायर, चाकाच्या कडेत ओठ अडकवून बसवलेला. त्या ८५ डॉलरांत सुटी रिमं होती, आठवतंय? इथं ती नाहीत. चाक काढून दुसरं लावायचा प्रश्नच येत नाही. टायर चाकावरच उपसायचा, लोखंडी पट्ट्या घालून, मग ट्यूब बाहेर, मग पाण्याच्या भांड्यात बुडबुडे बघायचे, मग घासायचं, सोल्युशन लावायचं, फुंकर मारायची, ठिगळ दाबून धरायचं. सोल्युशनचा तो गोड, झिंग आणणारा वास. मग हातपंप. तुमची पाळी आधी, पाहुणे म्हणून. ऊन आता अंगावर आलंय, सदऱ्याला घाम आणि घामाला धूळ चिकटतेय. आणि आत्ता, नेमकी आत्ता, छोटी गाडी शेजारून जाते. डब्यांवरची माणसं काय काय बोलतात ते आजींनी ऐकलं, पण कळलं नाही असं दाखवलं.

पंप मारता मारता हेन्री फोर्डविषयी ऐकून घ्या. वकीलसाहेब तसंही सांगणारच आहेत. १९०८ साली त्यानं हे मॉडेल काढलं आणि ठरवलं की आता दुसरं काढायचं नाही. १९१४ पर्यंत त्यानं कारखान्यात सरकती रांग आणली; जो सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागायचे तो ९३ मिनिटांत तयार होऊ लागला. किंमत एकंदरीत उतरत गेली. गाडी मात्र तीच. असं सांगतात की तो एकदा युरोपला गेला असताना त्याच्या माणसांनी हौसेनं सुधारलेला नमुना करून ठेवला, चांगला लांब, लाल रंगाचा. फोर्ड परत आला, त्याच्याभोवती फिरला, आणि हातानं दारं उपटून ती गाडी मोडूनच टाकली. एका शब्दानं काही बोलला नाही म्हणे.

माझं विचाराल तर हा हट्टीपणा त्याला पुढं महागात पडला, पण रायपूरसारख्या गावाला तो सोयीचा होता. गाडी बदलत नाही म्हणजे सुटे भाग बदलत नाहीत. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीचा बोल्ट आजच्या गाडीला बसतो. ज्यानं एक फोर्ड उघडली त्यानं सगळ्या उघडल्या. पंपांची आणि सायकलींची कामं करणारा गावातला मिस्त्रीही तिचे पट्टे बदलू शकतो, फक्त एक काळजी घेऊन: झाकण उघडल्यावर आत नट पडता कामा नये. पडला तर तो गिअरबॉक्सच्या पोटात जातो आणि मग मिस्त्री दोऱ्याला चुंबक बांधून दिवसभर गळ टाकून बसतो. राजकुमार कॉलेजात संस्थानिकांच्या मुलांना सोडायला येणाऱ्या बड्या मोटारींची ऐट वेगळी, पण त्या अडल्या की कलकत्त्याला तार जाते.

तुम्हाला हेही माहीत आहे की पुढच्याच वर्षी फोर्ड मुंबईत आपली हिंदुस्थानी कंपनी काढणार, आणि १९२७च्या मे महिन्यात, दीड कोटी गाड्या झाल्यावर, हे मॉडेल बंद करणार. गप्प राहा. वकीलसाहेबांचे हप्ते अजून चालू आहेत.

केंद्री गेलं, अभनपूर गेलं, एकदा उकळली, एका विहिरीवर थांबून तोटीतून वाफ सोडली, पुन्हा निघाली. आणि मग नवापाऱ्याच्या काठावर रस्ता संपतो आणि खाली नुसती वाळू. महानदी, पैरी आणि सोंढूर जिथं मिळतात तो हा संगम. माघात पाणी बारीक धारांनी वाहतं, बाकी सगळं पात्र जत्रेचं. मधोमध उंच चौथऱ्यावर कुलेश्वर महादेव, पलीकडच्या तीरावर राजीवलोचनाचं शिखर. आवाज आधी अंगावर येतो. ढोल, मांदर, झांजा, हरवलेल्या पोरांची नावं, उसाच्या चरकाची करकर, रहचुलीच्या लाकडी पाळण्यांचं किंचाळणं. मग वास. गुळाच्या पाकात घोळलेल्या उखऱ्याचा, तेलात तळल्या जाणाऱ्या भज्यांचा, ओल्या वाळूचा, हजारो बैलांच्या शेणाचा आणि गर्दीतल्या माणसांच्या केसांना लावलेल्या तिळाच्या तेलाचा. गोंदणाऱ्या देवारिणीसमोर एक मुलगी दात-ओठ खात बसली आहे.

शहाण्या माणसानं मोटार काठावर ठेवली असती. वकीलसाहेब उतरणीवर घालतात. उतरते छान. वाळूत पन्नास हात जाते आणि आसापर्यंत बसते.

इथं तिचा खरा गुण दिसतो. सगळी मिळून जेमतेम सातशे किलो. कुणाला हाक मारावी लागत नाही, आठ-दहा जण आपणहून येतात, मडगार्डाखाली हात घालतात, “ले, उठा!” आणि मोटार अलगद उचलून घट्ट वाळूवर ठेवतात. एक जण पैसे घ्यायला नकार देतो आणि त्याऐवजी भोंगा वाजवायला मागतो. मग त्याच्या मागं भोंगा वाजवणाऱ्यांची रांग लागते. तुम्ही तोवर जाऊन या. पाण्यात पाय घाला. नदी घोट्यापर्यंत आणि इतकी गार की पंक्चरवाला घाम क्षणात विसराल. मंदिरातल्या राजिम तेलिणीची गोष्ट आजी सांगतील, तिच्या नावावरून गाव. तेलिणीच्या गावात येऊन मोटारीनं तेल गळावं हे आजींना शोभेसं वाटतं. वाळूवर काळा डाग पडलाय त्याकडं त्या बोट दाखवतात.

परतताना चढण. दुपार कलली आहे, टाकी अर्ध्याच्या खाली. मोटार काठाच्या चढावर नाक वर करते, थोडी चढते, खोकते आणि बंद. दगड लावा! पुन्हा हँडल, पुन्हा तेवढीच चढते, पुन्हा बंद. भोवती शे-दीडशे माणसं जमलीत आणि प्रत्येकाजवळ एक उपाय आहे.

कारण साधं आहे. टाकी तुमच्या गादीखाली, इंजिन पुढं, आणि पेट्रोल ओढायला पंप नाही. ते आपल्या वजनानं वाहत जातं. चढावर नाक वर गेलं की इंजिन टाकीपेक्षा उंच होतं आणि पेट्रोल बिचारं खालीच राहतं. उपायही तितकाच साधा, सगळ्या जगात फोर्डवाले करतात तो: गाडी वळवायची आणि उलटी चढवायची. मग टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल धो धो. शिवाय रिव्हर्सचा जोर पहिल्या गिअरपेक्षाही जास्त.

वकीलसाहेब हे आईला समजावून सांगताहेत आणि तुम्हाला वाटतंय की आजी आता उतरणार. आजी मात्र पदर सारखा करून बसल्या. “देवाकडं पाठ करून निघू नये, असं मी केव्हाची म्हणते आहे. तुम्ही ऐकता कुठं? त्या अमेरिकेतल्या माणसाला तरी कळलं.”

हँडब्रेकचा दांडा मध्यावर, मधल्या पेडलावर पाय, आणि मोटार कुलेश्वराकडे तोंड करून, गर्दीच्या जयघोषात, गर्जत, धूर सोडत, मागं मागं चढत काठावर येते. आजींचे हात सबंध वेळ जोडलेले. जळक्या पट्ट्याचा वास उदबत्तीत मिसळतो. क्लीनर पोरगा मागं धावत “डेरी! जेवनी!” ओरडून डावंउजवं सांगतोय, वकीलसाहेब मान मोडेपर्यंत वळून बघताहेत, आणि तुम्ही एवढंच करायचं आहे की देवाकडं बघत बसायचं.

अभनपूरच्या अलीकडेच अंधारतं. पुन्नवेचा चंद्र अजून झाडांआड आहे, तोवर काळोख. वातीचे दिवे लावले, त्यांचा उजेड त्यांनाच पुरतो. मोठे दोन दिवे विजेचे आहेत, पण ती वीज इंजिनाच्या फिरत्या चुंबकांची. इंजिन जोरात तर उजेड लख्ख, इंजिन हळू तर दिवे तांबडे होऊन विझू विझू करतात. म्हणजे खड्डा आला, जपून जायला म्हणून वेग कमी केला, की नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा होतो. दिसावा म्हणून वेग वाढवला की खड्डा स्वच्छ दिसतो, पण दिसेपर्यंत आपण त्यात असतो. वकीलसाहेब मधला मार्ग काढतात: पहिलं पेडल दाबून ठेवायचं, इंजिन केकाटू द्यायचं, गाडी रांगू द्यायची. पोटरीला गोळे येतात. गावातली कुत्री एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत सोबत करतात.

अभनपूरच्या स्टेशनाशी आजी खांद्यावर थोपटून गाडी थांबवायला लावतात.

“मी इथंच धर्मशाळेत टेकते. पोरं आणि सूनबाई माझ्यापाशी राहतील. सकाळच्या छोट्या गाडीनं आम्ही येऊ. मोटार तुम्ही दोघं आणा.”

वकीलसाहेब दुखावलेत. धुळीनं माखलेली टोपी काढून त्यांनी मांडीवर झटकली. “आई, गेल्या वर्षी जूनमध्ये एक कोटीवी फोर्ड कारखान्यातून बाहेर पडली. एक कोटी! एवढी माणसं वेडी आहेत का?”

आजी दशम्यांचा डबा काखेत मारून उतरल्याही. “त्यांच्याकडं छोटी गाडी नसेल.”